पिकलेली नाही, नुसती रंगलेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावण्यावर अर्धं पान भरून लेख आला आहे. चहा गार होईपर्यंत मी तो वाचत बसले होते. 34 वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन पुष्कळ दिवस झाले, तरी हातात पेन्सिल असल्याशिवाय मला वर्तमानपत्र वाचता येत नाही. घरातले हसतात, हसू देत. तर त्या लेखावर माझ्या पेन्सिलीच्या 14 खुणा झाल्या. त्यातल्या 9 काना, मात्रा, वेलांटीच्या. त्या सोडून देते, हल्ली त्या कोणाला खुपतही नाहीत. एक खूण माझीच चुकलेली निघाली. उरलेल्या चार खुणांपैकी तिघींबद्दल एखादं पोस्टकार्ड पुरलं असतं. चौथीने मात्र मला झोप येऊ दिली नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

लेखातलं वाक्य असं: ‘फळ अर्धे लाल झाले की तोडून घ्यावे, म्हणजे पाखरांचा उपद्रव होत नाही, परडीत घालून स्वयंपाकघरात ठेवल्यास दोन दिवसांत छान पिकते.’

नाही पिकत, महोदय. लाल होते. पिकत नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, कोणी न सांगता. गॅलरीत 6 रोपं होती आणि पहिल्या घोसातलं पहिलं फळ गालावर लाल, देठाशी पांढरं असं झालं होतं. समोरच्या तारेवर एक बुलबुल बसून त्याच्याकडे बघत होता, निदान मला तसं वाटलं. मी घाईघाईने ते फळ तोडलं, आणखी दोन तोडली, आणि बशीत घालून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही फळं अशी लालभडक झाली की मी शेजारणीला बोलावून दाखवली. नात शाळेतून आली. तिच्या हातात एक दिलं. तिने घास घेतला, थोडा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, “आजी, ही तू रंगवलीस का गं?”

सहा वर्षांच्या पोरीने जे एका घासात ओळखलं ते मला नंतर वाचून, विचारून समजलं. केळं घ्या. हिरवं उतरवलं तरी त्याच्या पोटात पिष्ट भरलेलं असतं. इथिलीन वायूचा इशारा मिळाला की त्याचं श्वसन एकदम वाढतं आणि त्या पिष्टाची साखर होत जाते. म्हणून केळं घरात पिकवता येतं. स्ट्रॉबेरी त्या जातकुळीतली नाही. तिच्याकडे असा साठाच नसतो. तिची साखर पानांत तयार होते आणि देठातून रोज थोडी थोडी फळात उतरते. देठ तुटला की वाट बंद. त्या क्षणी जेवढी साखर आत असेल तेवढीच. रंग मात्र नंतरही चढत राहतो, कारण लाल रंगद्रव्य तयार व्हायला झाडाची गरज उरलेली नसते. फळ मऊही पडतं. म्हणजे डोळ्यांना पिकल्याची सगळी लक्षणं दिसतात आणि जिभेला एकही लागत नाही. तुमच्या लेखकाने बहुधा डोळ्यांवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या वर्षी मी नातीला हाताशी घेऊन याचा पडताळा पाहिला. एकाच रोपावरच्या, साधारण एकाच मापाच्या दोन फळांच्या देठांना शिवणाचा दोरा बांधला, एकाला निळा, दुसऱ्याला पिवळा. दोन्हींचे खांदे, म्हणजे हिरव्या टोपीखालचा भाग, पांढरे होते. निळ्या दोऱ्याचं फळ तोडून बशीत ठेवलं, पिवळ्याचं रोपावर राहू दिलं. तीन दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवली तर रंगात फरक सांगता येईना. आमच्या ह्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि दोन्ही खायला दिली. पहिल्यावर ते म्हणाले, “काकडी?” दुसऱ्यावर काही म्हणाले नाहीत, अजून आहे का एवढंच विचारलं.

आता कोणी म्हणेल, विकत मिळणारी फळं तर थोडी पांढरी असतानाच तोडतात. तोडतात, आणि त्यात त्यांची लबाडी नाही. पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी बोटाच्या दाबाने डागाळते. ती खोक्यात भरायची, वाहनातून न्यायची, कोणीतरी मांडायची, कोणीतरी निवडायची, मग घरी न्यायची. एवढा प्रवास पेलायला फळ टणकच हवं. म्हणून त्यासाठी जातीही टणक फळांच्या निवडतात आणि तोडणीही आधी करतात. त्यांची अडचण खरी आहे. पण माझ्या गॅलरीपासून माझ्या तोंडापर्यंत सात पावलं आहेत. कुंडीत स्ट्रॉबेरी लावणाऱ्याला ना भरघोस पीक मिळतं, ना मोठी फळं. त्याला एवढी एकच चैन परवडते, की फळ पूर्ण पिकेपर्यंत थांबता येतं. आणि नेमकी तीच तुमचा लेख वाचकाच्या हातून काढून घेतो.

मग तोडायचं कधी? लेखात यावर एक ओळ असायला हवी होती, मला दहा लागतील.

फळाच्या वरच्या गालाकडे पाहू नका, तो सगळ्यात आधी लाल होतो. फळ हलकेच उचलून सावलीकडची बाजू बघा आणि टोपीखाली बघा. तिथे पांढरं किंवा हिरवट वलय दिसत असेल तर थांबा. बहुतेक जातींत फळ पिकत आलं की टोपीची हिरवी पानं फळाला चिकटून न राहता वर उचलली जातात. लाली सगळीकडे पोचल्यावरही मी आणखी एक दिवस जाऊ देते. त्या एका दिवसात लाल रंग थोडा गडद होतो, चकाकी किंचित उतरते आणि कुंडीजवळ वाकलं की वास येतो. वास आला की तोडायचं. आमच्याकडे हे काम नातीचं, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. याहून जास्त थांबलात तर मात्र बुरशी तुमच्याआधी पोचेल. गार दिवसांत हा अवकाश थोडा लांबतो, उकाड्यात एका दुपारीत संपतो. एरवी फूल उमलल्यापासून फळ हाताशी यायला साधारण 4 आठवडे लागतात, हवा उबदार असेल तर कमी. सावकाश पिकलेलं फळ जास्त गोड, हा माझा अनुभव.

तोडायचं सकाळी, दव वाळल्यावर, ऊन तापायच्या आत. फळ चिमटीत धरून ओढायचं नाही. ओढलं की कधी टोपी रोपावर राहते आणि फळाला भोक पडतं, कधी अख्खा घोस कच्च्या फळांसकट हातात येतो. मी दोन्ही केलं आहे. फळाच्या वर बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून नखाने खुडायचा, नाहीतर छोट्या कात्रीने कापायचा. फळाला हात लागलाच नाही तर उत्तम. पसरट बशीत एकच थर मांडायचा, कारण वरच्या फळाचं ओझं खालच्याला सोसत नाही. आणि धुवायचं खायच्या वेळी, टोपी काढायच्या आधी. धुऊन ठेवलेल्या ओल्या स्ट्रॉबेरीला सकाळपर्यंत लव फुटते. टोपी आधी काढली तर आत पाणी शिरून चव पाणचट होते. बहर असताना दर एक दिवसाआड सगळ्या कुंड्या बघाव्या लागतात. त्यात जे नासलेलं, कुरतडलेलं सापडेल ते तिथेच टाकायचं नाही, घराबाहेर न्यायचं. राखाडी बुरशी अशाच एका फळावरून सगळ्या घोसाकडे जाते.

इथवर चौथी खूण. आता आलेच आहे लिहायला, तर बाकीच्या तिन्ही सांगून टाकते.

लेखात ‘फळावरील बिया वाळवून पेराव्यात’ असं आहे, आणि दोन महिन्यांत फळ मिळण्याचं आश्वासन आहे. बी पेरून रोप येतं, नाही असं नाही. पण ते चिमुकलं, नाजूक, फळाला यायला कितीतरी महिने घेणारं असतं, आणि ते कोणावर जाईल याचा नेम नाही. बागेतली स्ट्रॉबेरी संकरातून आलेली आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे 8 संच असतात, आपल्या पेशीत 2. इतक्या पत्त्यांचा कॅट पिसल्यावर हातात काय येईल ते कोण सांगणार? आईसारखंच रोप हवं असेल तर रनर लावायचा, म्हणजे रोपातून बाहेर पळणारी ती लांब दोरी. तिच्या पेराला पानं फुटली की ते पेर शेजारच्या कुंडीतल्या मातीवर टेकवून केसातल्या आकड्याने दाबून ठेवायचं. काही आठवड्यांत मुळं धरली की दोरी कापायची. माझ्या आजच्या सगळ्या कुंड्या पहिल्या सहांतल्या दोन रोपांची लेकरं, नातवंडं आहेत. मात्र बहराच्या दिवसांत सगळे रनर राखायचे नाहीत. रोपाची ताकद त्यांच्यामागे पळते आणि फळं रोडावतात. दोन-तीन ठेवते, बाकीचे कापते. रोप साधारण तीन वर्षांचं झालं की त्याचं फळ कमी होत जातं, तेव्हा हीच लेकरं कामाला येतात. खूप उष्ण हवेत तर रोप एका हंगामापुरतंच धरून चालतात.

आणि ज्यांना लेखकाने बिया म्हटलं आहे, ते एकेक दाणे खरं तर एकेक फळ आहे. बी त्याच्या आत असतं. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. मी ही चूक मोजली नाही, कारण सगळं जग त्याला फळच म्हणतं आणि या पत्रात मीही म्हणते आहे. पण हे दाणे शोभेचे नाहीत. एका फळावर असे 200 च्या आसपास असतात आणि गर फुगवायचा हुकूम तेच सोडतात. 1950 मध्ये निच नावाच्या शास्त्रज्ञाने कोवळ्या फळांवरचे दाणे टोचून काढून पाहिले. सगळे काढले तर फळ वाढायचं थांबलं. थोडे ठेवले तर फक्त त्यांच्याभोवतीचा गर फुगला. दाणे काढून तिथे त्यांच्यातून स्रवणाऱ्या ऑक्झिन या द्रव्याचा लेप दिला, तर फळ पुन्हा वाढायला लागलं.

हे वाचल्यावर मला माझी तिसऱ्या वर्षीची वाकडीतिकडी फळं समजली. त्या वर्षी डासांसाठी गॅलरीला बारीक जाळी बसवली होती. डास गेले, त्यांच्याबरोबर मधमाश्याही गेल्या. फळं आली ती एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला आवळलेली, मुठीसारखी. जिथे परागकण पोचला नाही तिथला दाणा पोकळ राहिला आणि त्याच्याखालचा गर उठलाच नाही. मी ते रोगाचं लक्षण समजून दोन रोपं उपटली होती. त्यांची क्षमा मागून झाली आहे. आता फुलं आली की सकाळी जाळी सरकवून ठेवते, आणि माश्या फिरकल्या नाहीत तर नातीच्या रंगपेटीतला सर्वात मऊ ब्रश फुलाच्या मधोमध गोल फिरवते. दोन-तीन दिवस लागोपाठ.

परागकणांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज सगळीकडे दिसते ती मोठी स्ट्रॉबेरी तीनशे वर्षांपूर्वी जगात नव्हती. अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच अभियंता चिलीच्या किनाऱ्यावरच्या स्पॅनिश तटबंद्यांची गुपचूप पाहणी करायला गेला होता. तिथल्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन तो 1714 मध्ये परतला. लांबच्या समुद्रप्रवासात 5 रोपं जगली. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात, म्हणजे हा माणूस आडनावातच ती घेऊन निघाला होता. रोपं फोफावली, पण फळ धरेना, कारण ती सगळी मादी होती. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ती उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनियाच्या स्ट्रॉबेरीशेजारी लागली तेव्हा कुठे फळं आली, आणि त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. हे नातं 1766 मध्ये उलगडून दाखवलं ते आंत्वान निकोला दुशेन या विशीसुद्धा न गाठलेल्या मुलाने. त्याच्या आधी कित्येक माळी चिलीच्या रोपांतली फळ न धरणारी फुलं बघून हैराण झाले असतील. माझ्या जाळीच्या वर्षी मला त्यांची फार आठवण आली.

दुसरी खूण लावणीची. ‘रोप मातीत घट्ट व खोलवर दाबावे’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने स्ट्रॉबेरी लावलेली नाही, एवढं मी लिहून देते. पानं आणि मुळं यांच्या मधोमध एक आखूड, जाडसर गड्डा असतो, त्याला क्राऊन म्हणतात. नवी पानं, फुलं, रनर सगळे त्यातूनच निघतात. तो मातीत गाडला की कुजतो, आणि फार वर राहिला की मुळं उघडी पडून वाळतात. मातीची पातळी बरोबर त्या गड्ड्याच्या मधोमध यायला हवी. कुंडीत माती नंतर दबते आणि रोप खाली बसतं, म्हणून लावून पाणी घातल्यावर पुन्हा एकदा वाकून बघायचं. पहिल्या वर्षीच्या माझ्या सहांपैकी चार रोपं अशीच खोल लावून मी कुजवली. खोल म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे सुरक्षित, असं मला वाटलं होतं.

मुळं फार खोल जात नाहीत, बहुतेक सगळी वरच्या 15 सेंटिमीटर मातीतच असतात. त्यामुळे कुंडी उथळ असली तरी चालते, पण ती लवकर सुकते. पाणी थोडं आणि वरचेवर, मातीला, पानांवर आणि फळांवर नाही. फळ ओल्या मातीवर टेकू नये म्हणून खाली वाळलेला पेंढा किंवा वाळकी पानं पसरायची. माती किंचित आम्ल, सामू 5.5 ते 6.5, आणि पाणी साचू न देणारी. ज्या मातीत नुकतेच टोमॅटो, वांगी, मिरच्या किंवा बटाटे झाले असतील ती माती वापरू नये. त्यांच्या मुळांतून मर रोगाची बुरशी स्ट्रॉबेरीला लागते. जागेला दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं. एवढं पुरे, बाकीचं रोप सांगतं.

नव्या रोपाची पहिली फुलं खुडून टाकावीत असं जाणकार सांगतात, म्हणजे ते आधी अंग धरतं. मी सांगते म्हणून करा, मला स्वतःला ते नीट जमलेलं नाही. दर वर्षी मी पाच फुलं खुडते आणि सहाव्याला हात लावत नाही.

तिसरी खूण. ‘नंतरची फळे लहान येऊ लागल्यास रोप अशक्त झाले असे समजावे व दर आठवड्याला नत्रयुक्त खत द्यावे.’ घोसातलं पहिलं फूल सगळ्यात मोठं असतं, त्याच्यावर दाण्यांची संख्याही सगळ्यात जास्त, म्हणून त्याचं फळ मोठं. त्याच्या बगलेतली दोन फुलं त्याहून लहान, त्यांच्याही बगलेतली आणखी लहान. ही घोसाची उतरंड आहे, आजार नव्हे. गेल्या हंगामात माझ्या 9 रोपांवरून 143 फळं उतरली. वहीत तारखेसह मांडणी आहे. त्यातली अंगठ्यापेक्षा मोठी म्हणावीत अशी जेमतेम 30. उरलेल्यांतली चवीला काही कमी नव्हती. आता अशा रोपाला दर आठवड्याला नत्र पाजलं तर काय होईल? पानं मोराच्या पिसाऱ्यासारखी फुलतील, पानांच्या गर्दीत हवा खेळणार नाही, फळं थोडी आणि मऊ येतील आणि बुरशीला आयतं घर मिळेल. शिवाय स्ट्रॉबेरीच्या मुळांना खारेपणा सोसत नाही, जादा खताने पानांच्या कडा करपतात. मी लावणीच्या वेळी कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मातीत मिसळते आणि फुलं धरताना वरून मूठभर घालते. बास.

फळं एकदम थांबलीच तर मात्र आधी रोपाची जात बघा. काही जाती दिवस लहान आणि हवा गार असतानाच फुलाच्या कळ्या धरतात, मग एकदाच बहर देतात. काहींना दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, त्या थोड्या थोड्या करून बराच काळ फळं देतात, पण कडक उकाड्यात त्याही रुसतात. रोप घेताना हे विचारून घ्यावं. लेखात हा भेदच नाही, पण जे लिहिलेलंच नाही त्यावर खूण करायची आमच्या धंद्यात पद्धत नव्हती.

राहता राहिली पाखरं. लेखकाची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. पाखरांना लाल रंग दिसतो आणि फळ पिकतंय हे आपल्याआधी कळतं. पण त्यासाठी कच्चं तोडण्यापेक्षा फळांवर जाळी टाकावी, ती काठ्यांवर ताणून, म्हणजे पाखरू वर बसून चोच घालू शकत नाही आणि त्यात अडकतही नाही. माशीला जाता येईल इतपत तिची भोकं असावीत, नाहीतर माझ्यासारखी मुठीएवढी दुःखं पदरी येतील. कोणीतरी मला असंही सांगितलं होतं, की फळं लाल व्हायच्या आधीच गोटीएवढे खडे लाल रंगवून कुंडीत ठेवावेत. पाखरू दोनदा चोच मारून बघतं आणि नाद सोडतं. मी 10 खडे रंगवले. पाखरं फसली की नाही ते कळायला मार्ग नाही. आमचे हे मात्र एका सकाळी चष्म्याशिवाय गॅलरीत गेले आणि एक खडा नळाखाली धुऊन तोंडात टाकला. दाताचं काम आधीच चालू होतं, त्यामुळे नेमका हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा यावर अजून एकमत नाही.

पावसाळी, दमट हवेत रात्री गोगलगायी येतात. त्या फळाला गोल भोक पाडतात. त्यासाठी रात्री विजेरी घेऊन कुंड्या बघण्याखेरीज मला दुसरा उपाय सापडलेला नाही. मी मोजून त्यांना खालच्या गवतात नेऊन सोडते. त्या परत येतात असा माझा संशय आहे.

संपादक महाशय, एवढं सगळं तुम्ही छापावं असा आग्रह नाही. पत्रव्यवहाराच्या स्तंभाची लांबी मला ठाऊक आहे, अशा किती पत्रांना कात्री लागलेली मी स्वतः प्रुफात पाहिली आहे. माझी मागणी लहान आहे. आमच्या वेळी चूक छापली गेली की पुढच्या अंकात त्याच पानावर शुद्धिपत्र जायचं. वाचणारे ते मूळ मजकुराइतक्याच गांभीर्याने कात्रून ठेवायचे. ती पद्धत तुमच्याकडे उरली असेल तर येत्या रविवारी पुरवणीत, शक्य तर त्याच जागी, चार ओळी द्याव्यात. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून मजकूर तयार करून देते:

‘अर्धे लाल झाले की तोडून घ्यावे’ याऐवजी ‘टोपीखालीही पूर्ण लाल झाल्यावर, वास आल्यावर तोडावे’ असे वाचावे. ‘स्वयंपाकघरात ठेवल्यास छान पिकते’ हे शब्द गाळावेत. ‘खोलवर दाबावे’ याऐवजी ‘क्राऊनच्या मध्यापर्यंतच मातीत लावावे’ असे वाचावे. ‘बिया वाळवून पेराव्यात’ याऐवजी ‘रनरपासून रोप करावे’ असे वाचावे.

नत्राचं वाक्य पूर्ण काढलंत तरी चालेल, त्याच्या जागी काही नको.

कळावे,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव व पत्ता छापू नये)

ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी नातीने माझी वही चाळली. वर 143 फळं लिहिली आहेत, तो आकडा चुकीचा आहे. शाळेत जाताना ती रोज गॅलरीतून जाते आणि तिने खाल्लेली त्यात धरलेली नाहीत. किती खाल्ली ते ती सांगत नाही. कृपया ‘143 हून अधिक’ असे वाचावे.